ओवाळलेली नोट

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, बँडमधल्यांपाशी तर नाहीच. एका माणसाला ती ठाऊक आहे — पण मी सांगितली म्हणून नव्हे. त्याचं पुढे येईल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायची माझी छाती कधीच नव्हती.

मी सांगलीत एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि गेली बरीच वर्षं एका बँडमध्ये गिटार वाजवतो. बँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाल कोट आणि वरात आली असेल. तसला नव्हे. आम्ही रिदम अँड ब्लूज वाजवतो. सांगलीत! हसलात? हसा. पुण्याच्या हॉस्टेलवर एका मित्राच्या कॅसेटवर हे संगीत पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हापासून मी स्वतःला इतरांपेक्षा वरचा समजायला लागलो. संगीताने माणूस नम्र होतो म्हणतात. मी तर झालो नाही.

तिटकारा करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर लादून वरातीत छाती फोडणारे, वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली नाचणारे भावी नगरसेवक, जत्रेतले ऑर्केस्ट्रेवाले, गल्लीतल्या बेंजो पार्ट्या — सगळे माझ्या लेखी पोटभरू. आम्ही मात्र प्रेमासाठी वाजवणारे. आमचा नियमच तसा होता : सुपारी घ्यायची नाही. कार्यक्रमाचे पैसे नकोत, चहा चालेल. आम्ही सराव करायचो त्या गोदामाच्या दारावर मी खडूने तसं लिहूनही ठेवलं होतं.

खरं सांगू? सुपारी द्यायला कुणी आलंच नव्हतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट — आणि आमचा तर जिल्हाच द्राक्षांचा. आणि प्रेमासाठी वाजवतो म्हणायला माझं काय जात होतं? वाळव्याकडे घरचा सात एकर ऊस, वर कॉलेजचा पगार. पोट भरलेल्या माणसाने पोटभरूंना नावं ठेवायची, याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. पण हे मला आज कळतं. तेव्हा मी त्या खडूच्या अक्षरांकडे बघून रोज थोडा फुगायचो.

गोदाम अजितच्या घरचं. अजितच्या घरी तीन पिढ्या हळदीचा व्यापार, आणि तो बास गिटार वाजवायचा — अजून वाजवतो. ते जुनं गोदाम रिकामं पडलं होतं, पण हळद तिथून कधी गेलीच नाही. भिंतीतून, छतातून बारीक पिवळी पूड पडत राहायची. अँप्लिफायर पिवळे, केस पिवळे, रविवारी सकाळी सराव करून घरी गेलो की बायको म्हणायची, आला नवरदेव. बँडचं नावही आम्ही ‘गोदाम’च ठेवलं. गाणारी वैशाली मूळची वाईची, आमच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायची. आवाज असा, की तिने नुसती हजेरी घेतली तरी मुलं ऐकत बसतील. आणि ढोलावर बिरू.

बिरूपाशी मी आता मुद्दाम थांबतोय. तुमच्या लक्षात आलंच असेल.

बिरू माण तालुक्यातला, दहिवडीच्याही पलीकडच्या एका वाडीतला. मेंढरं राखणारं घर. तो सांगलीत एका गॅरेजात फिटर होता. अजितचा टेम्पो बंद पडला म्हणून गोदामात आला, आणि इंजिन उघडता उघडता आमचा सराव ऐकत राहिला. आमच्याकडे तेव्हा ढोल-ड्रम काही नव्हतं, एक यंत्र होतं ठेका देणारं. टेम्पो सुरू झाला तरी हा जाईना. शेवटी हात पुसत म्हणाला, “सर, तुमी लय घाई करताय. गाणं कुटं पळून चाललंय व्हय?”

मला राग आला. गॅरेजवाला मला ब्लूज शिकवणार? मी म्हटलं, दाखव मग. तिथे एक हळदीचं अर्धं भरलेलं पोतं पडलं होतं. तो त्याच्यापुढे मांडी घालून बसला आणि तळव्याने ठेका धरला. संथ. जड. दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा, की वाटावं आता हा विसरला — आणि तेवढ्यात ठोका पडायचा. वैशाली आपोआप गायला लागली. अजितही आला मागोमाग. मी सगळ्यात शेवटी वाजवायला लागलो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तो ठेका त्यांच्या गजी नाचाचा होता. जत्रेत त्यांच्याकडे माणसं गोल धरून नाचतात, मधे ढोल. बिरूच्या बापाने वाजवला, आज्याने वाजवला. पुढच्या रविवारी तो गावाकडचा ढोल घेऊनच आला — एका हातात काठी, दुसऱ्या हाताचा उघडा तळवा. आणि आमचा बँड, जो आजवर नकलाकारांचा बँड होता, तो पहिल्यांदा कुठला तरी झाला. ज्या अमेरिकेतल्या गरीब माणसांचं दुःख आम्ही कॅसेटवरून उतरवून घेत होतो, त्या दुःखाला बिरूने दुष्काळी भागाचे पाय दिले. मी हे त्याला कधी बोललो? छे. मी म्हणायचो, “बरं आहे, पण गाण्याचा टेम्पो सांभाळ.”

तो दोन वर्षं आमच्यात होता. वाचनालयाच्या हॉलमध्ये वाजवलं, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, कुणाकुणाच्या गच्चीवर वाजवलं. चाळीस माणसं आली तरी आमच्या लेखी गर्दी, आणि त्यातली दहा नात्यातली. पण आता बिनबोलावलेली माणसंही येऊ लागली. ती कशासाठी येतात, हे दिसत होतं. कार्यक्रम संपला की बिरूभोवती गोळा व्हायची, ढोलाला हात लावून बघायची. मी गिटारची तार पुसत उभा.

आणि वाईचा तो दिवस. कृष्णेच्या घाटावर थंडीतली दुपार, वैशालीच्या माहेरच्यांनी ठरवलेला कार्यक्रम. आम्ही खरंच चांगलं वाजवलं. एक म्हातारे गृहस्थ, धोतर, कोट, हातात पिशवी, सरळ माझ्याकडे आले. मी मान लववायच्या तयारीत. ते म्हणाले, “तुम्ही त्या ढोलवाल्यांना साथ फार समजून करता हो.”

साथ!

मी हसून आभार मानले. आणि त्या क्षणापासून बिरूचा काटा काढायचं मनात घेतलं. असं स्पष्ट शब्दांत नाही — एवढा प्रामाणिक मी स्वतःशीही नव्हतो. पण त्याचं बारीकसारीक मला खुपायला लागलं. तो उशिरा येतो. त्याच्या अंगाला ऑइलचा वास येतो. तो ‘ब्लूज’ न म्हणता ‘आपलं ते हळू गाणं’ म्हणतो. अजितपाशी मी हे थट्टेच्या सुरात बोलायचो. अजित हसायचा नाही, म्हणून मला अजितचाही राग यायचा.

चैत्रात बिरूच्या वाडीची जत्रा असते. त्याने आम्हा तिघांना बोलावलं, अगदी घरोघर येऊन. “सर, येकदा या. आमच्यात कसं वाजवत्यात बगा तरी.” मी म्हटलं, परीक्षा चालू आहेत. वैशालीलाही जमत नव्हतं, अजितचा बाजार होता. तो म्हणाला बरं, आणि गेला.

आणि मी गेलो. कुणालाही न सांगता, मोटरसायकलवरून, एकटा. कशासाठी? मी स्वतःला सांगितलं, उत्सुकता. खोटं. मला बघायचं होतं, की तिथे असे पन्नास बिरू आहेत. की आमचा बिरू त्यांच्यात अगदीच सामान्य आहे. एवढं दिसलं असतं तर मला झोप लागली असती.

दुपारचं ऊन, सपाट माळ, देवळापुढे मोठं पटांगण. भंडारा उधळून माणसं, मेंढरं, मोटरसायकली सगळं पिवळं झालेलं — आमच्या गोदामासारखं. मी मागे, उसाच्या रसाच्या गाड्याच्या आडोशाला उभा राहिलो. मधे सात-आठ ढोल होते. त्यातला बिरूचा मी डोळे मिटून ओळखला असता. म्हातारी माणसं त्याच्या ठोक्यावर पाय टाकत होती. सामान्य? तिथेही नव्हता. तिथे तर तो अजूनच मोठा होता.

मी मोबाइल काढला आणि शूटिंग करायला लागलो. का काढला, तेही सांगतो — काहीतरी सापडेल म्हणून. आणि सापडलं. गजी संपल्यावर गावचा एक पुढारी माइकवरून ओरडला, “सांगलीच्या ब्यांडचा मान! सांगलीच्या ब्यांडचा मान घ्यायला बिरूदेव म्होरं या!” बिरू पुढे आला. एका म्हाताऱ्याने त्याच्यावरून दोन नोटा ओवाळल्या आणि त्याच्या हातात दिल्या. मग टॉवेल, टोपी, नारळ. एकदा नाही, तीनदा. आणि चौथ्यांदा एक खण आणि नारळ, बाईमाणसाचा मान. बिरूने मागून घेतलं होतं ते. जे आले नव्हते त्यांचासुद्धा मान.

त्या नोटांचं काय झालं, तेही मी बघितलं. त्यांच्या गावात अशी ओवाळलेली नोट घरी न्यायची नसते. बिरू वळला, देवळाच्या पायरीपाशी गेला, नोटा देवापुढच्या ताटात ठेवल्या आणि डोकं टेकलं. त्याला दहा पावलंही चालावी लागली नाहीत. माझ्या मोबाइलमध्ये ते सगळं आलं होतं.

घरी येऊन मी तो व्हिडिओ कापला. माइकवरची आरोळी ठेवली. ओवाळणं ठेवलं. नोटा बिरूच्या हातात पडल्या, त्याने मूठ मिटली — तिथे कापला. पुढचा पुसून टाकला. दोन मिनिटांचं काम होतं. हात थरथरला वगैरे काही नाही. थरथरला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

रविवारी मी गोदामात सगळ्यांच्या आधी पोचलो. अजित आणि वैशाली आले, तसं मी तोंड पाडून म्हणालो, मला हे कुणीतरी पाठवलंय, बघा. त्यांनी बघितलं. ‘सांगलीच्या ब्यांडचा मान’ — नोटा — मूठ. वैशाली म्हणाली, असेल काही पद्धत त्यांच्यातली, त्याला विचारू. मी म्हटलं, विचारू की. आपल्या नावावर सुपारी घेतो, आणि आपल्याला पत्ता नाही. माझा आवाज दुखावलेल्या माणसाचा होता. अभिनय मला कुणी शिकवला नव्हता.

बिरू आला तो हसत. हातात कापडी पिशवी, कपाळावर अजून थोडा भंडारा. पिशवी त्याने जपून भिंतीशी ठेवली. मी बसायलाही सांगितलं नाही.

“बिरू, जत्रेत तू बँडच्या नावाने पैसे हातात घेतलेस का?”

“व्हय, सर. पर त्ये आमच्यात काय असतंय —”

“घेतलेस की नाही? एवढंच सांग.”

“घेतलं, पर —”

“मग झालं.” मी दाराकडे बोट दाखवलं. ती खडूची अक्षरं.

अजित मधे बोलू बघत होता, त्याला मी गप्प केलं. म्हटलं, नियम म्हणजे नियम, तो गरिबाला वेगळा आणि श्रीमंताला वेगळा नसतो. केवढं उदात्त वाक्य! आजही आठवलं की थुंकावंसं वाटतं. बिरू माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मला वाटलं, आता हा भांडेल, शिव्या देईल. त्याने नुसता ढोल खांद्याला लावला आणि गेला. पिशवी मात्र भिंतीशीच राहिली.

ती मी उचलली. म्हटलं, त्याला नेऊन देतो. न उघडताही मला ठाऊक होतं, आत काय आहे : दोन टॉवेल, दोन टोप्या, एक खण, तीन नारळ. आमचा तिघांचा मान. त्याचा स्वतःचा त्याने गावी ठेवला असणार. पिशवी त्या दोघांनी उघडली असती तर सगळं तिथेच फुटलं असतं. म्हणून ती घरी नेली. नारळांची ज्योतीने चटणी केली — ज्योती म्हणजे माझी बायको — आणि मी ती इडलीबरोबर खाल्ली. चांगली झाली होती. टोप्या माळ्यावर टाकल्या. एका टॉवेलने मोटरसायकल पुसली, दुसरा गिटारच्या पेटीत आहे. खण ज्योतीला दिला, म्हटलं, बाजारात आवडला म्हणून आणला. तिने ब्लाउज शिवला. पुढे आमच्याच एका कार्यक्रमाला ती तो घालून आली, आणि वैशाली तिचा दंड धरून म्हणाली, “अगं, काय सुरेख खण आहे, कुठे मिळाला?”

“ह्यांनी आणला,” ज्योती लाजत म्हणाली. मी बाजूला उभा राहून तार लावत होतो.

वैशालीच्या वाट्याचा मान माझ्या बायकोच्या अंगावर, आणि दोघी एकमेकींकडे बघून खूश. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला एकच शब्द येतो, तो घरात बोलत नाहीत.

गेल्या वर्षी फलटणच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. कुणीतरी ढकलून जवळच्या गॅरेजात नेली. बॉनेटखालून जो माणूस वर आला, तो बिरू. आता गॅरेज त्याचं स्वतःचं. केस पांढरे व्हायला लागलेले. मी आधी दुसरीकडे बघितलं, मग बघावंच लागलं. तो नेहमीसारखा म्हणाला, “या सर.” गाडीत काय बिघडलं होतं ते त्याने नीट समजावून सांगितलं आणि कामाला लागला. मी स्टुलावर बसून राहिलो. काम संपता संपता, मान खालीच ठेवून, त्याने विचारलं, “पिशवीतलं पोचलं न्हवं समद्यास्नी? दुसऱ्याचा मान हुता. त्यो आपल्या घरात ठिवू ने, म्हून तितंच सोडून आलतो.”

खरं बोलायची याहून चांगली संधी माणसाला कुठे मिळते? गॅरेजात तो आणि मी, तिसरं कुणी नाही. मी म्हणालो, “पोचलं.”

त्याने पाना खाली ठेवला. “निळा शर्ट हुता तुमचा. रसाच्या गाड्यापशी हुबं हुता. हातात मोबाइल. तुमास्नी बगितलं म्हून तर मी माइकवाल्याला म्हनलं, सांगलीच्या ब्यांडचं नाव घ्या, आमचं सर आल्यात.”

मी कसंबसं विचारलं, मग त्या रविवारी बोलला का नाहीस?

“तुमी बोलाल म्हून वाट बगत हुतो,” बिरू म्हणाला. मग त्याने बॉनेट लावलं, हात पुसले आणि पुढच्या गाडीकडे गेला. माझ्याकडे परत बघितलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चपलेला लागलेलं काहीतरी माणूस पायरीला पुसून टाकतो आणि घरात जातो, तसा तो गेला.

‘गोदाम’ अजून आहे. आता थोडं नावही झालंय. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे बोलावतात, आम्ही पैसे घेत नाही याचं कौतुक करतात. मध्यंतरी एका मुलाखतीत विचारलं, तुमच्या संगीतातला तो संथ ठेका कुठून आला? मी म्हणालो, मी माणदेशी लोकपरंपरेचा अभ्यास केला. अभ्यास!

बिरूच्या जागी आम्ही दुसरा ढोलवाला घेतला नाही. दोन-चार आजमावून बघितले, जमलं नाही. सरावाची जुनी रेकॉर्डिंग माझ्याकडे होती. त्यातला ढोल मी वेगळा काढला, आणि कार्यक्रमात तो लॅपटॉपवरून लावतो. मी बटण दाबतो. मंचावर आम्ही तिघं उभे, आणि मागून तो ठोका येतो — संथ, जड, मधे इतकी जागा, की वाटावं आता हा विसरला. लोक डोळे मिटून घेतात. मी गिटारने साथ करतो.

म्हणजे बिरू अजून आमच्या बँडमध्ये वाजवतो. दर कार्यक्रमाला. नियमाप्रमाणे, एक पैसा न घेता.